पेस्टलचे सहा खाने भरलेस, आता तारखा टाक

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की एमबीएच्या प्रोजेक्टला ग्लोबल कार कंपनी म्हणून टोयोटा घेतलीस, पेस्टलचे, म्हणजे कंपनीच्या बाहेरचं वातावरण तपासायच्या चौकटीचे, सहा खाने भरलेस, राजकीय, आर्थिक, सामाजिक, टेक्नॉलॉजी, कायदा, पर्यावरण, आणि सरांनी परत दिलं की हे सगळं बरोबर आहे पण कुठल्याही कंपनीला चिकटवता येईल. मग खरं काय लिहायचं? मी नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत २७ वर्षं काढली, आधी टूलरूम, म्हणजे साचे बनवायचा विभाग, मग क्वालिटी, मग पर्चेस, आता दोन-चार छोट्या वेंडर लोकांना सल्ला देतो. वयाने माझ्या मुलाएवढा असशील म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

सर बरोबर बोलले. तू लिहिलंयस "सरकारी धोरणांचा कंपनीवर परिणाम होतो". होतो ना, पण पानटपरीवर पण होतो. कार कंपनीवर तो वेगळा का होतो ते लिहायला पाहिजे.

तू नाशिकचा आहेस, बाह्य वातावरण म्हणजे काय ते तुला एमबीएच्या आधीपासून माहितीये. लासलगावला कांदा घेऊन जाणाऱ्या कुणालाही विचार. ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला थेट बंदी, मे २०२४ ला बंदी उठली तर ५५० डॉलरची किमान किंमत आणि परत ४० टक्के शुल्क, सप्टेंबरला ते २० वर, १ एप्रिल २०२५ ला शून्य. कांदा लावून काढायला चार महिने लागतात आणि नियम बदलायला एक रात्र पुरते. कार कंपनीचं दुखणं हेच आहे, फक्त तिचं पीक चार-पाच वर्षांनी हाती येतं आणि शेत, म्हणजे प्लांट, एकदा बांधला की वीस-तीस वर्षं हलवता येत नाही. तुझ्या सगळ्या प्रोजेक्टचा कणा हा एवढाच ठेव, बाहेरचं जग किती वेगाने बदलतं आणि कंपनी किती वेगाने बदलू शकते, या दोन वेगांमधला फरक.

आता गाडीत काय लवकर बदलता येतं? बंपर, लाइट, सीटचं कापड, स्क्रीन, हे सगळं वर्ष-दीड वर्षात होतं. काय बदलत नाही? गाडीची लांबी, इंजिन कुठलं आणि किती सीसीचं, आणि कारखाना कुठल्या देशात. या तीन गोष्टी एकदा डायमध्ये, म्हणजे पार्टच्या साच्यात, आणि सिमेंटमध्ये गेल्या की संपलं. म्हणून बाहेरून काहीही घडलं की मी आधी बघतो की हे या तिघांपैकी कशाला धक्का देतंय, नसेल देत तर त्यावर दोन ओळी लिहून पुढे जा.

लांबीचं उदाहरण आपल्या गावातलंच आहे. २००५ ला महिंद्रा आणि रेनॉ यांनी ५१-४९ टक्क्यांची भागीदारी केली आणि २००७ ला लोगान आली, बनायची इथे नाशिकच्या प्लांटमध्ये. गाडी मुळात रोमानियासाठी केलेली, तिथे २००४ लाच रस्त्यावर होती, स्वस्त, दणकट, आत ऐसपैस, मागे तीन माणसं खरंच बसायची. लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास. आणि मध्येच २००६ च्या बजेटमध्ये आपल्या सरकारने छोट्या गाड्यांची एक्साइज २४ वरून १६ टक्क्यांवर आणली, छोटी म्हणजे कोण तर चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. लोगान पाव मीटरने बाहेर पडली. फूटपट्टीवर बघ किती होतं ते, आणि तेवढ्यावर सरळ आठ टक्क्यांचा फरक.

आता यात चूक कुणाची? गाडीचं डिझाइन झालं तेव्हा हा नियमच नव्हता. आणि ग्लोबल कंपनीची सगळी गंमत यातच असते की एकच गाडी दहा देशात विकायची, म्हणजे डायचा खर्च वाटला जातो. एका देशासाठी मागून पाव मीटर कापा म्हटलं की ते गणित मोडतं. टाटांनी मात्र २००८ ला इंडिगोची शेपटी छाटून सीएस आणली, मारुतीने २०१२ ला डिझायर ३९९५ मिलिमीटरची केली, बघ, चार मीटरला ५ मिलिमीटर कमी, म्हणजे गाडी कुणी डिझाइन केली तर अर्थमंत्र्यांनी असं आम्ही टूलरूममध्ये हसायचो. या कंपन्यांचा मुख्य बाजार इथेच, त्यांना छाटणं परवडलं. २०१० ला रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली, २०११ ला तीच गाडी व्हेरिटो नावाने पुढे चालली. सगळं काही लांबीमुळे झालं असं म्हणणार नाही, दिसायला गाडी ठोकळाच होती आणि टॅक्सीवाल्यांनी एवढी घेतली की घरगुती गिऱ्हाईक बिचकलं, तो तुझा सामाजिक खाना झाला बघ. पण एकाच गाडीत कर, डिझाइन आणि "शेजारी काय म्हणतील" हे तिन्ही एकमेकात कसे अडकतात ते यातून दिसतं, आणि सहा वेगळ्या खान्यात ते कधीच दिसत नाही.

आता इंजिन. यावर मी जरा जास्त बोलणार कारण यात हात पोळलेत.

नाशिकला डिझेलने भात खाऊ घातलाय. सातपूरचं बॉश, जुन्या लोकांच्या तोंडी अजून मायको, चौकाचं नाव पण मायको सर्कलच राहिलं, तिथे डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात आणि त्याच्या जिवावर अंबड-सातपूरला किती छोटी वर्कशॉप उभी राहिली त्याचा हिशेब नाही. मे २०१२ ला दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर आणि डिझेल ४१ च्या आसपास, तीस रुपयांचा फरक, मग माणूस डिझेल गाडी का नाही घेणार, त्या काळात विकल्या जाणाऱ्या कारपैकी निम्म्याहून जास्त डिझेल होत्या. सगळ्यांनी त्या हिशेबाने कपॅसिटी टाकली. आणि मग धक्के बघ कसे एकामागून एक आले. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी वाढवायला सुरुवात, ऑक्टोबर २०१४ ला डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे. सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत फोक्सवॅगन पकडली गेली, टेस्टिंगच्या वेळी वेगळं वागणारं सॉफ्टवेअर, जगभरात १ कोटी १० लाख गाड्या, डिझेलची इज्जतच गेली. डिसेंबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली आणि आसपास २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. जानेवारी २०१६ ला सरकारने सांगितलं की गाडीच्या धुराच्या नियमांत बीएस-५ मध्ये थांबायचंच नाही, बीएस-४ वरून थेट बीएस-६, १ एप्रिल २०२० पासून. एप्रिल २०१९ ला मारुतीने जाहीर केलं की पुढच्या एप्रिलपासून डिझेल बंद.

यातलं दिल्लीचं प्रकरण तू नक्की घे, कारण ते तुझ्या टोयोटाचंच आहे. इनोव्हा आणि फॉर्च्युनर, दोघींची डिझेल इंजिनं २००० सीसीच्या वर. महिंद्राच्या स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० पण तशाच अडकल्या, पण महिंद्राने महिनाभरात १.९९ लिटरचं इंजिन बाजारात आणलं, म्हणजे नियमाच्या रेषेच्या बरोब्बर आत. टोयोटाने इनोव्हा क्रिस्टा २.७ लिटर पेट्रोलमध्ये आणली ती ऑगस्ट २०१६ ला, आणि त्याच महिन्यात कोर्टाने १ टक्का ग्रीन सेस लावून बंदी उठवली. याला म्हणतात वरात येईपर्यंत मुहूर्त गेला. टोयोटाची माणसं काही ढिली नाहीत, पण ज्या कंपनीचे निर्णय दुसऱ्या देशात होतात आणि इंजिन पन्नास देशांचा विचार करून ठरतं तिला एका शहरापुरत्या कोर्टाच्या ऑर्डरवर पळणं जमत नाही. हे वाक्य तुझ्या भाषेत लिही, सर खूश होतील.

आमचं काय झालं ते पण सांगतो. २०१७ ला मी ज्या युनिटमध्ये पर्चेस बघत होतो तिथे डिझेल सिस्टिमच्या एका बारक्या पार्टसाठी दोन ग्राइंडिंग मशीन घेतली, सात वर्षांचं लोन. ग्राहकाने पाच वर्षांचं प्रोजेक्शन दिलं होतं, छान रंगीत पीपीटी, सगळे बाण वर जाणारे. वर मी ज्या तारखा लिहिल्या त्यातल्या २०१६ पर्यंतच्या सगळ्या तेव्हा घडून गेल्या होत्या रे, पेपरमध्ये छापून आल्या होत्या, आणि तरी मी त्या पीपीटीवर विश्वास ठेवला, कारण ऑर्डर समोर दिसत होती आणि नियम लांब वाटत होता. २०१९ च्या दिवाळीला शेड्यूल निम्म्यावर, पुढच्या वर्षी तर विचारू नको. ग्राहकाने काही फसवलं नाही, त्याला वरून जे आलं ते त्याने खाली ढकललं. पण हप्ता आमचाच होता. म्हणून प्रोजेक्टमध्ये प्रत्येक धक्क्यापुढे एक प्रश्न लिही, हा शेवटी कुणी सोसला? बऱ्याचदा मोठ्या कंपनीच्या बॅलन्सशीटमध्ये जी ओळ दिसत नाही ती अंबडच्या कुठल्यातरी गाळ्यात सापडते.

तिसरं म्हणजे कारखाना कुठल्या देशात. यासाठी पुण्याजवळचं तळेगाव घे, एवढं चांगलं उदाहरण दुसरं मिळणार नाही. जनरल मोटर्सने मे २०१७ ला सांगितलं की वर्षअखेर भारतात गाड्या विकणं बंद, तळेगावला फक्त एक्स्पोर्टचं काम चालू ठेवलं, ते पण डिसेंबर २०२० ला थांबलं. जानेवारी २०२० ला चीनच्या ग्रेट वॉलने तो प्लांट घ्यायचा करार केला. एप्रिलमध्ये सरकारने नियम काढला की सीमेला लागून असलेल्या देशांमधून गुंतवणूक येणार असेल तर आधी मंजुरी लागेल, जूनमध्ये लडाखला गलवानमध्ये चिनी सैन्याशी चकमक झाली. कंपनी दोन वर्षं परवानगीची वाट बघत बसली, २०२२ च्या मध्यावर करार बारगळला. ऑगस्ट २०२३ ला ह्युंदाईने प्लांट घ्यायची सही केली आणि आता नवी व्हेन्यू तिथेच बनते. शेड तीच, प्रेसलाइनची जागा तीच, आणि मध्ये एक अमेरिकन, एक चिनी, एक कोरियन कंपनी, आणि यातल्या ग्रेट वॉलचं भांडण गाडीशी संबंधितच नव्हतं, ते लडाखमध्ये झालं.

टोयोटाला हाच धक्का अमेरिकेत बसला. ३ एप्रिल २०२५ पासून आयात कारवर २५ टक्के जादा टॅरिफ, सप्टेंबरमध्ये जपानसाठी तो एकूण १५ टक्क्यांवर आला, म्हणजे पाच-सहा महिने नेमका आकडा काय धरायचा हेच कुणाला कळत नव्हतं. ऑगस्टमध्ये टोयोटाने स्वतः अंदाज दिला की त्या आर्थिक वर्षात टॅरिफमुळे सुमारे १.४ लाख कोटी येनचा फटका बसेल. आता कुणी म्हणेल मग सगळं अमेरिकेतच बनवा. बनवतात की बऱ्याच गाड्या तिथे. पण प्लांट उभारायला तीन-चार वर्षं, आणि राष्ट्राध्यक्षांची टर्म चार वर्षांची, प्लांट चालू होईपर्यंत खुर्चीत दुसरा कुणी असेल. परत तोच वेगाचा प्रश्न आला बघ.

चलनाचा दर, व्याजदर, स्टीलचे भाव, यावर पान-पान लिहू नकोस. येन पडला की जपानमधून एक्स्पोर्ट करणाऱ्याला फायदा, ईएमआय वाढला की गिऱ्हाईक थांबतं, झालं. स्टीलचे भाव वर-खाली झाले तर दर तिमाहीला रेट सेटलमेंट होतं, वेंडरला पैसे उशिरा मिळतात एवढंच. या गोष्टी मोजता येतात म्हणून पुस्तकात जागा खातात.

पार्टचं मात्र लिही. जस्ट इन टाइम, म्हणजे पार्ट लागेल तेव्हाच मागवायचा, साठा ठेवायचा नाही, हे टोयोटाने जगाला शिकवलं, आमच्या इथे पण पार्ट मागवायची कानबानची कार्डं लावून लावून बोटं झिजली. आणि ११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप झाला तेव्हा टोयोटालाच कळलं की तिसऱ्या-चौथ्या पातळीवरचा, म्हणजे सप्लायरच्या सप्लायरचा, चिप बनवणारा एक कारखाना बंद पडला तर सगळी लाइन बसते. त्यानंतर त्यांनी सप्लायर लोकांना महत्त्वाच्या चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला, स्वतःच्याच तत्त्वाच्या उलट, हे मला फार आवडतं. त्यामुळे २०२१ च्या सुरुवातीला बाकीच्या कंपन्या चिपसाठी रडत होत्या तेव्हा टोयोटा निवांत होती. पण सप्टेंबर २०२१ ला तिला पण जगभरचं उत्पादन ४० टक्क्यांनी कापावं लागलं, साठा संपला आणि आग्नेय आशियात कोविडने कारखाने बंद. म्हणजे तयारी केली म्हणून सुटका होते असं नाही, थोडे महिने विकत मिळतात. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ, म्हणजे दुर्मिळ धातू, आणि त्यांच्या मॅग्नेटवर एक्स्पोर्ट लायसन्स लावलं, मे अखेर सुझुकीला जपानमध्ये स्विफ्टचं उत्पादन थांबवावं लागलं. मॅग्नेट म्हटलं की लोकांना फक्त इलेक्ट्रिक गाडी आठवते, पण पॉवर स्टिअरिंगच्या मोटरमध्ये पण ते असतं, मुठीत मावेल एवढा तुकडा, तो नाही आला तर गाडी गेटबाहेर जात नाही. आणि ऑगस्ट २०२५ च्या अखेरीला जग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला झाला, महिनाभराच्या वर प्लांट बंद, ब्रिटिश सरकारला १५० कोटी पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली, कारण मुख्यतः सप्लायर लोकांचा श्वास अडकला होता. हे तू कुठल्या खान्यात टाकणार? टेक्नॉलॉजी, कायदा की राजकीय? टाक कुठेही, पण तारीख टाक, किती दिवस प्लांट बंद होता ते टाक.

हायब्रिडशिवाय, म्हणजे इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही असलेल्या गाडीशिवाय, टोयोटाचं प्रोजेक्ट पूर्ण होणार नाही. टोयोटाची हायब्रिड प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ ला आली. २०२१-२२ च्या सुमारास सगळे म्हणत होते टोयोटा झोपली, जग इलेक्ट्रिककडे चाललंय. युरोपने नव्या पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करायला २०३५ ची रेष आखली, मग डिसेंबर २०२५ ला युरोपियन कमिशननेच ती सैल करायचा प्रस्ताव मांडला, अमेरिकेत इलेक्ट्रिक गाडीवरची ७५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली, आणि हायब्रिडवाल्याचे दिवस आले. पण तेच तंत्रज्ञान भारतात आणलं तर इनोव्हा हायक्रॉससारख्या मोठ्या हायब्रिडवर २८ टक्के जीएसटी आणि वर १५ टक्के सेस, ४३ झाले, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०. इलेक्ट्रिकवर ५. आणि उत्तर प्रदेशात जुलै २०२४ ला स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, म्हणजे तेव्हा लखनौला एक किंमत झाली आणि नाशिकला दुसरी. गाडी तीच. माझं स्वतःचं मत विचारशील तर सगळी अंडी एका टोपलीत न ठेवण्याचा टोयोटाचा हट्ट बरोबर होता, पण चीनमध्ये नव्या गाड्यांपैकी जवळपास निम्म्या प्लगवाल्या, म्हणजे चार्ज करायच्या, झाल्यात आणि तिथे हाच हट्ट महाग पडतोय, ते पण लिही, नाहीतर जाहिरात वाटेल.

सामाजिक खान्यात तू "ग्राहकांच्या आवडीनिवडी बदलत आहेत" लिहिलंयस ते खोड. त्याऐवजी द्वारका सर्कलला अर्धा तास उभा राहा, सिंहस्थाच्या कामांची धूळ खात, आणि शिर्डी-त्र्यंबक करणाऱ्या इनोव्हा मोज. २००० ला क्वालिस आली, इंडोनेशियाच्या किजांगवर बेतलेली, २००५ ला जोरात विकत असतानाच ती बंद करून इनोव्हा आणली. आजी-आजोबा, दोन पोरं, वर सामान, आणि ड्रायव्हरला चार लाख किलोमीटर चालेल ही खात्री. याला आवडनिवड म्हणत नाहीत, ही आपल्या घरांची रचना आहे, आणि ती सरकारी नियमापेक्षा हळू बदलते म्हणून कंपनीला ती पेलते.

आणि शेवटचा एक मुद्दा घे, कारण तो अजून घडायचाय. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ ला महाराष्ट्र सरकारशी छत्रपती संभाजीनगरच्या प्लांटसाठी सामंजस्य करार केला, सुमारे २० हजार कोटींचा. सिन्नरवरून समृद्धी महामार्ग पकडला की आपल्यापासून काही लांब नाही, आणि अंबडला तेव्हापासून सगळ्यांच्या डोळ्यात चमक आहे. मी मागच्या आठवड्यातच एकाला म्हटलं, मशीन बुक करायच्या आधी विचार की त्या गाडीत काय असेल, हायब्रिड की इलेक्ट्रिक की साधं पेट्रोल, कारण तू जो पार्ट बनवतोस तो तिघांपैकी फक्त एकात लागतो. तो म्हणाला काका तुम्ही फार निगेटिव्ह. असेन बुवा. मी त्याला ती २०१७ ची पीपीटी दाखवली, अजून जपून ठेवलीय मोबाईलमध्ये.

तुला पण पाठवतो हवी तर, ग्राहकाचं नाव खोडून. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लाव.